मोहोरावर दिलेला बोनस: दाभोळचा प्रकल्प, एन्रॉनचे हिशोब आणि अधिकाऱ्यांचे पगार

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या २००० सालच्या वार्षिक अहवालात हिशोबाला जोडलेल्या टिपा आहेत. त्यातली सोळावी टीप मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर मोठ्याने वाचतो. तिचा आशय असा: १९९९ आणि २००० मध्ये कंपनीने काही भागीदारी संस्थांशी व्यवहार केले, या संस्थांच्या मुख्य भागीदाराचा कारभार पाहणारा सदस्य हा एन्रॉनचाच एक वरिष्ठ अधिकारी आहे. पुढे रकमा येतात, करारांची वर्णनं येतात, आणि हे व्यवहार तिऱ्हाइताशी झाले असते तितक्याच रास्त अटींवर झाले, अशी व्यवस्थापनाची ग्वाही येते. अधिकाऱ्याचं नाव येत नाही. त्याला त्यातून किती मिळाले, तेही नाही.

मी चिपळूणला कॉमर्स शिकवतो. वर्गातली काही मुलं गुहागर, शृंगारतळी, वेलदूरकडून एसटीने येतात. त्यांच्या घरी 'एन्रॉन' हा शब्द अजून जिवंत आहे. कुणाची जमीन गेली, कुणाचे आजोबा आंदोलनात पोलिसांच्या गाडीत बसले, कुणाच्या वडिलांना पहिली पक्की नोकरी तिथेच लागली आणि दोन वर्षांत गेली. ह्यूस्टनमधल्या एका कंपनीच्या टिपेचा आणि तिने आपल्या खाडीकाठी उभारलेल्या वीजप्रकल्पाच्या धुराड्यांचा संबंध काय, हे त्यांना कळावं म्हणून हे प्रकरण मी शिकवायला घेतलं. आता ते पूर्ण लिहून काढतो आहे, कारण पगार आणि हिशोब यांचं नातं शिकायला याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

जागा आणि करार

प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो अलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आणि वेलदूरच्या कातळावर, गोपाळगडाच्या शेजारी. ज्यांची गावं त्यात गेली त्यांना हे नाव आजही खटकतं.

जून १९९२ मध्ये एन्रॉनने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात केलेल्या वायूवरची ही वीज राज्याच्या गरजेच्या मानाने महाग पडेल, असं तिचं म्हणणं होतं. तरी डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत तेव्हा एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा १०-१० टक्के. १९९५ च्या सुरुवातीला कर्जाची जुळणी झाली. मग राज्यात सत्ता बदलली, ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या युती सरकारने करार रद्द केला आणि वाटाघाटी होऊन १९९६ मध्ये त्याच सरकारने तो पुन्हा जिवंत केला. नव्या करारात एकूण क्षमता २१८४ मेगावॉट ठरली. पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, मे १९९९ मध्ये नाफ्ता या खनिज तेलापासूनच्या इंधनावर चालू झाला.

कराराचा गाभा समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. वीज घ्या किंवा न घ्या, मंडळाने स्थिर आकार भरायचाच, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. धरून चला, महिन्याचा स्थिर आकार १०० रुपये आहे. मंडळाने १०० युनिट उचलली तर युनिटमागे एक रुपया पडला. मागणी नाही म्हणून ३० च उचलली तर तोच आकार युनिटमागे ३ रुपये ३३ पैसे झाला. वर इंधनाचा खर्च वेगळा, आणि रुपया घसरला की दोन्ही चढणार. २००० सालच्या उत्तरार्धात काही महिने या विजेचा दर युनिटमागे ७ रुपयांच्या वर गेला, तो याच गणिताने. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या अभ्यासकांनी कराराचे हे धोके पहिला टप्पा चालू व्हायच्या कितीतरी आधी मांडले होते. तेव्हा मूळ करार सामान्य माणसाला वाचायला मिळणंसुद्धा मुश्कील होतं.

मंडळाला बिलं झेपेनात. फेब्रुवारी २००१ मध्ये दाभोळ कंपनीने थेट केंद्र सरकारच्या प्रतिहमीवर, म्हणजे राज्याने पैसे चुकवले तर केंद्र भरेल या हमीवर, पैशांची मागणी केली. मे २००१ च्या अखेरीला मंडळाने वीज घेणं थांबवलं. दुसरा टप्पा बहुतेक बांधून झाला होता, त्याचंही काम जूनमध्ये थांबलं. सुमारे २९० कोटी डॉलरचा प्रकल्प समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत पडला.

बोनस कशावर मोजला

इथे कोकणातल्या वाचकाला एक गोष्ट आठवून देतो. डिसेंबर-जानेवारीत कलमांना मोहोर येतो. काही बागायतदार त्या मोहोरावरच बाग मक्त्याने देतात. व्यापारी येतो, कलमं मोजतो, मोहोर बघतो, अंदाजाने आकडा सांगतो. मग तुडतुडे येतात, फेब्रुवारीत मळभ धरतं, एक अवकाळी पाऊस येतो आणि वाटाण्याएवढी फळं झाडाखाली पडतात. म्हणून मक्त्याची रक्कम एकरकमी कुणी देत नाही. थोडी मोहोरावर, थोडी फळ धरल्यावर, बाकीची तोडणीवर. आणि जो बागायतदार स्वतः माल वाशीला पाठवतो तो तर पट्टी हातात पडेपर्यंत एक रुपयाही कमाई धरत नाही. पट्टीत भाव असतो, पेट्या असतात, आणि मग भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन खाली जो आकडा उरतो तो खरा.

आता कल्पना करा, बागेवर ठेवलेल्या राखणदाराला बागायतदाराने सांगितलं: मोहोर आला की येणाऱ्या सगळ्या पेट्यांचा अंदाज तू कर, आणि त्या अंदाजावर तुझा बोनस जानेवारीतच घेऊन टाक. पुढची पंधरा वर्षं बाग किती देईल, त्याचाही अंदाज धर. राखणदार कितीही सज्जन असला तरी त्याला झाडावर मोहोर जास्तच दिसेल. आणि मे महिन्यात तो बागेत असेलच, याची खात्री नाही.

एन्रॉनच्या आंतरराष्ट्रीय शाखेत नेमकं हे होतं. रिबेका मार्क यांच्या हाताखालचे जे अधिकारी देशोदेशी प्रकल्प उभे करत, त्यांचा बोनस प्रकल्पातून भविष्यात येऊ शकणाऱ्या पैशाच्या आजच्या किमतीवर ठरे, आणि त्यातला मोठा भाग कर्जाची जुळणी झाली की मिळे. प्रकल्प पुढे चालला का, ग्राहकाने बिल भरलं का, या गोष्टी त्या हिशोबाच्या बाहेर होत्या. मराठीत म्हण आहे, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. इथे तुरी बाजारात होत्या आणि वरणाचे पैसे वाटूनही झाले होते.

ही पद्धत कुणा एकाच्या हावरेपणातून आलेली नाही, हे मुलांना मी आवर्जून सांगतो, कारण दोष माणसावर ढकलला की अभ्यास संपतो. १९९० मध्ये मायकेल जेन्सन आणि केव्हिन मर्फी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी कंपन्यांचा अभ्यास करून दाखवलं की भागधारकांची संपत्ती १००० डॉलरने बदलली तर मुख्याधिकाऱ्याची संपत्ती जेमतेम ३ डॉलर २५ सेंटने बदलते. अर्थ असा की कंपनी तरो की बुडो, साहेबाचं फारसं बिघडत नाही. त्यावर उपाय म्हणून पगार कामगिरीला बांधा, शेअर द्या, आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे पर्याय द्या, असा सूर निघाला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यानेही त्याला हातभार लावला: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या १० लाख डॉलरवरच्या पगाराची वजावट बंद झाली, पण पगार कामगिरीवर आधारलेला असेल तर ती चालू राहिली. कल्पना चांगल्या हेतूची होती. मात्र कामगिरी मोजायची कशी, हे ज्या हिशोबावर ठरतं तो हिशोब त्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार होतो, ही गोष्ट मागे पडली.

एन्रॉनमध्ये तो हिशोब १९९२ पासून बदलला होता. पुढे मुख्याधिकारी झालेल्या जेफ्री स्किलिंग यांच्या आग्रहावरून कंपनीने वायूच्या व्यापारात बाजारमूल्याने हिशोब मांडायची परवानगी अमेरिकेच्या रोखे आयोगाकडून, म्हणजे तिथल्या शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडून, मिळवली. दहा-वीस वर्षांचा करार झाला की त्यातून येणारा सगळा अपेक्षित नफा त्याच वर्षी नफा-तोट्याच्या पत्रकात घ्यायचा. ज्या मालाला रोजचा बाजारभाव असतो तिथे यात काही गैर नाही. पण दूरच्या वर्षांचा भाव कुणाला माहीत नसतो, तिथे कंपनीचीच माणसं भाव 'अंदाजतात'. पुढे ही पद्धत व्यापाराबाहेर पसरली. २००० मध्ये घरोघरी चित्रपट पुरवायचा एक करार झाला, सेवा जेमतेम चाचणीच्या पातळीवर होती, तरी दोन तिमाहींत ११ कोटी डॉलरच्या आसपास नफा धरला गेला आणि करार मोडीत निघाला.

टीप सोळा

त्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाव अँड्र्यू फॅस्टो. तो एन्रॉनचा मुख्य वित्त अधिकारी होता. कंपनीचे हिशोब ज्याच्या सहीने बाहेर पडत तोच, कंपनीशी व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवत होता. एन्रॉनला ताळेबंदावरून उतरवायची मालमत्ता या संस्था घेत आणि तिमाही संपायच्या आत नफ्याचा आकडा जुळे. एन्रॉनने ज्या शेअरमध्ये पैसे गुंतवले ते पडले तर होणाऱ्या तोट्यावर संरक्षण म्हणून काही करार केले होते, पण त्या संरक्षणामागे तारण होतं ते एन्रॉनचेच शेअर. स्वतःच स्वतःला जामीन राहावं तसं.

संचालक मंडळाला ही भागीदारी माहीत होती. मंडळाने आचारसंहितेचा अपवाद करून तिला मंजुरी दिली होती. भागधारकांना सभेपूर्वी पाठवायच्या निवेदनात फॅस्टोचं नावही छापलेलं होतं. म्हणजे लपवाछपवी झाली असं ढोबळपणे म्हणता येत नाही, आणि मुलांची पहिली अडचण इथेच होते. नियमानुसार संबंधित अधिकाऱ्याचा आर्थिक लाभ किती, तो आकडा 'शक्य असेल तिथे' द्यायचा होता. कंपनीने या तीन शब्दांचा आधार घेतला: व्यवहार अजून पुरे झालेले नाहीत, तेव्हा आकडा सांगणं शक्य नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीच्याच नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा कळलं की फॅस्टोला या संस्थांमधून किमान ३ कोटी डॉलर मिळाले होते. त्यातल्या एका व्यवहारात २५ हजार डॉलर गुंतवून सुमारे दोन महिन्यांत ४५ लाख डॉलर परत आले.

मी हा भाग शिकवताना फळ्यावर दोन ओळी लिहितो. एका ओळीत 'सांगितलं', दुसरीत 'कळलं'. सोळाव्या टिपेत सगळं सांगितलेलं आहे असं कायद्याचा वकील म्हणू शकेल. पण ती वाचून अमुक माणसाला अमुक कारणासाठी अमुक पैसे मिळतात, हे कोणालाही कळलं नसतं. त्या वर्षी ज्या तज्ज्ञांनी एन्रॉनचा शेअर घ्यायची शिफारस केली त्यांनाही ही टीप उपलब्ध होती.

एका वर्षाचे आकडे

२००० साल. महसूल ४०.१ अब्ज डॉलरवरून १००.८ अब्ज डॉलरवर गेला, म्हणजे अडीच पट. निव्वळ नफा ८९.३ कोटींवरून ९७.९ कोटींवर, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत-बाहेर वाढ. या दोन आकड्यांमधली दरीच पुरेशी बोलकी आहे. व्यापारातल्या विजेची आणि वायूची पूर्ण किंमत महसुलात धरली जात होती, म्हणून तो एवढा फुगला.

आता तिसरा आकडा. अमेरिकी संसदेच्या करविषयक संयुक्त समितीने २००३ मध्ये काढलेल्या अहवालात २००० सालातल्या एन्रॉनच्या सर्वाधिक पगार घेणाऱ्या २०० जणांचं एकूण उत्पन्न दिलं आहे: १.४ अब्ज डॉलर. त्यातला एक अब्जाहून अधिक भाग शेअर पर्यायांतून आलेला. दोनशे माणसांचं उत्पन्न अख्ख्या कंपनीच्या निव्वळ नफ्याहून जास्त. वर्गात हा आकडा सांगितला की पहिली प्रतिक्रिया असते, "सर, मग नफा कसा उरला?" प्रश्न अचूक आहे. उत्तर असं की पर्यायांतून मिळालेला पैसा तेव्हाच्या नियमाने नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवावाच लागत नसे. करविवरणात मात्र त्याची वजावट घेता येई. अमेरिकेत ते खर्चात धरणं सक्तीचं झालं ते २००४ च्या मानकानंतर. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून लागू झालेल्या भारतीय लेखा मानक १०२ ने तेच केलं.

अध्यक्ष केनेथ ले यांना त्या वर्षी १४ कोटी डॉलरहून अधिक मिळाले, त्यातले १२.३ कोटी शेअर पर्याय वापरून. पुढच्या काळात त्यांनी कंपनीकडून वेळोवेळी कर्ज उचललं आणि ते कंपनीला स्वतःचे शेअर देऊन फेडलं. ऑक्टोबर २००० पासूनच्या वर्षभरात ही रक्कम ७.७ कोटी डॉलर झाली. बाजारात विकले असते तर महिनाभरात जगाला कळलं असतं. कंपनीलाच परत दिल्याने ते वर्ष उलटल्यावर जाहीर करायची मुभा होती.

हे सगळं चाललेलं असताना इथे काय होतं ते शेजारी ठेवून बघा. २००० च्या ऑगस्टमध्ये शेअर ९० डॉलरवर. त्याच पावसाळ्यात वीज मंडळ दाभोळच्या बिलांखाली वाकलेलं. २००१ च्या फेब्रुवारीत स्किलिंग मुख्याधिकारी झाले, त्याच महिन्यात प्रतिहमीवर मागणी गेली. मे अखेरीस वेलदूरची धुराडी थंड. ऑगस्टच्या १४ तारखेला स्किलिंग यांचा राजीनामा. १६ ऑक्टोबरला तिमाहीचा ६१.८ कोटी डॉलरचा तोटा आणि भागभांडवलातून १.२ अब्ज डॉलरची वजावट जाहीर झाली. नोव्हेंबरमध्ये १९९७ पासूनचे हिशोब पुन्हा मांडले, त्यात जवळपास ६० कोटी डॉलरचा नफा पुसला गेला. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीचा अर्ज. त्याच्या काही दिवस आधी सुमारे ५०० जणांना कंपनीत टिकून राहावं म्हणून ५.५ कोटी डॉलर वाटले गेले, आणि हजारो कर्मचारी निवृत्तीनिधीतले शेअर कवडीमोल झालेले बघत घरी गेले.

चौकशी समितीच्या हिशोबाने २००० च्या तिसऱ्या तिमाहीपासूनच्या वर्षभरात कंपनीचा नफा सुमारे एक अब्ज डॉलरने फुगवलेला होता. म्हणजे ज्या कामगिरीवर पगार मोजला ती कामगिरी पगार घेणाऱ्यांनीच लिहिलेली होती. माझ्या मते या प्रकरणातली मुख्य गोष्ट हीच आहे. अधिकाऱ्याला किती मिळाले, या आकड्यापाशी सगळे थांबतात. ते कशावर मोजले, कोणत्या तारखेला मोजले, आणि मोजणारा कोण, हे जाहीर झालं असतं तर १९९५ मध्येच एखाद्या सजग भागधारकाने विचारलं असतं की वीज मंडळाने पहिलं बिल भरायच्या आधी आपण कुणाला बक्षीस देतो आहोत.

आपल्याकडे काय बदललं

अमेरिकेने जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा केला. मुख्याधिकारी आणि वित्त अधिकाऱ्याने हिशोबावर जबाबदारीने सही करायची, अधिकाऱ्यांना कंपनीने कर्ज द्यायचं नाही, शेअर विक्री दोन दिवसांत कळवायची. केनेथ ले यांच्या व्यवहारांची सावली त्या कलमांवर स्पष्ट दिसते.

आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ आला. त्याच्या कलम १९७ नुसार सार्वजनिक कंपनीच्या सगळ्या संचालकांचं आणि व्यवस्थापकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत हवं. त्याहून जास्त द्यायचं तर भागधारकांची मंजुरी. एकच व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्याची मर्यादा ५ टक्के. सूचिबद्ध, म्हणजे शेअरबाजारात नोंदलेल्या, कंपनीने प्रत्येक संचालकाच्या मानधनाचं कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती वेतनाशी, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येणाऱ्या पगाराशी, गुणोत्तर छापायचं. फसवणुकीमुळे हिशोब पुन्हा मांडावे लागले तर जास्तीचा पगार वसूल करायची तरतूद कलम १९९ मध्ये आहे. संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांना भागधारकांची मंजुरी लागते आणि त्या मतदानात संबंधित पक्षाला ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. म्हणजे फॅस्टोसारखी रचना आज सूचिबद्ध भारतीय कंपनीत नुसत्या एका टिपेत बसवता येणार नाही. हे मोठं पाऊल आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो.

पण एक गोष्ट मला सलते. २०१४ मध्ये या कायद्याखाली जे नियम आले त्यातल्या पाचव्या नियमात, मुख्य अधिकाऱ्यांचं मानधन कंपनीच्या कामगिरीशी ताडून दाखवा, सरासरी पगारवाढ आणि कंपनीची कामगिरी यांचं नातं समजावून सांगा, अशी कलमं होती. पहिली दोन वर्षं अहवालांत ती माहिती आली. बऱ्याच कंपन्यांनी ठराविक वाक्यांवर भागवलं, तरी प्रश्न विचारायला एक जागा होती. जून २०१६ मध्ये ती कलमं वगळण्यात आली. कंपन्यांवरचा कागदी भार कमी व्हावा, हा विचार समजण्यासारखा आहे. पण वगळायला नेमकी हीच कलमं सापडावीत याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेच्या रोखे आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये उलट पाऊल टाकलं: मुख्याधिकाऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला मोबदला आणि कंपनीची कामगिरी यांचा पाच वर्षांचा तक्ता आता तिथे सक्तीचा आहे.

आपल्याकडे उरलं ते गुणोत्तर. त्याचीही एक खोच सांगतो, कारण लोट्यातल्या, खेर्डीतल्या, मिरजोळ्यातल्या कारखान्यांत काम करणारी माणसं माझ्या विद्यार्थ्यांच्या घरात आहेत. मध्यवर्ती वेतन बहुतेक कंपन्या आपल्या हजेरीपटावरच्या कर्मचाऱ्यांचं काढतात. ठेकेदाराकडचा कामगार त्यात येत नाही. शंभर माणसांतली कमी पगाराची चाळीस ठेकेदाराकडे गेली की उरलेल्यांचं मध्यवर्ती वेतन आपोआप चढतं आणि साहेबाचं गुणोत्तर सुसह्य दिसू लागतं. कुणाच्याही पगारात एक रुपयाची वाढ झालेली नसते.

वर्गातला प्रश्न

मागच्या वर्षी वेलदूरची एक मुलगी प्रकरण मांडून झाल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, प्रकल्प बंद पडला, तेव्हा कर्जजुळणीवर घेतलेले बोनस परत दिले का?" मी सांगितलं, अशी अटच नव्हती, तेव्हा परत मागायचं काय? ती म्हणाली, "आमच्याकडे मक्ता घेतलेल्याचा मोहोर गळला तर आजोबा पुढचा हप्ता घेत नाहीत." वर्गात कुणी बोललं नाही. मी पण नाही.

तिलाच मी पुढचं काम दिलं. माझ्याकडे कोकणात कारखाना असलेल्या एका सूचिबद्ध कंपनीचे थोडे शेअर आहेत. अहवाल उघडला तर मोठ्या पगारदारांच्या तपशिलाच्या जागी नेहमीचं वाक्य: कलम १३६ नुसार हे परिशिष्ट वगळून अहवाल पाठवला आहे, ज्यांना हवं त्यांनी कंपनी सचिवांना लिहावं. आम्ही लिहिलं. आठ दिवसांत परिशिष्ट आलं, नीटनेटकं, सगळे आकडे असलेलं. किती मिळाले ते समजलं. व्यवस्थापकीय संचालकाच्या मानधनातला निम्म्याहून मोठा भाग 'कामगिरीशी निगडित' होता. कामगिरी कशाने मोजली ते परिशिष्टात नव्हतं. पुन्हा लिहिलं, तेव्हा उत्तरात वेतन धोरणाचा दुवा आला. मुलीने ते धोरण छापून घेतलं आणि पेन्सिलीने 'कामगिरी' हा शब्द जिथे जिथे आला तिथे गोल केला. अकरा गोल झाले. नफा धरायचा की हातात आलेली रोकड, एका वर्षाची की तीन वर्षांची, आणि हिशोब नंतर चुकीचा निघाला तर काय, यातलं एकही अकरापैकी कुठे नव्हतं.

कंपनीची वार्षिक सभा दूरदृश्य पद्धतीने होते. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. शेअर माझ्या नावावर असल्याने नाव माझं गेलं आहे, प्रश्न तिने लिहून दिला आहे. वहीच्या पानावर, स्वच्छ अक्षरात, तीनच ओळी: "गेल्या वर्षी व्यवस्थापकीय संचालकांना कामगिरीवर जी रक्कम दिली, ती कोणत्या आकड्यावर मोजली? तो आकडा कोणत्या तारखेचा होता? तो पुढे बदलला, तर रक्कम बदलते का?"